वस्तू एकाची, जागा सगळ्यांची

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी ओळख तुम्हाला असलीच तर ती कवितेमुळे असेल. आज मात्र मी कवितेविषयी बोलणार नाही. आजचा विषय आहे मालकी, आणि तीही कॉम्प्युटरच्या पोटातल्या जागेची मालकी. हा माझा विषय नव्हे, हे मी आधीच कबूल करतो. मी बी.ए. करत होतो तेव्हा आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर एका बंद खोलीत असे आणि आम्हा मराठीच्या मुलांना त्या खोलीत प्रवेश नसे. पण काही वर्षांपूर्वी एक छोटीशी गोष्ट घडली आणि मी या विषयाच्या नादाला लागलो.

माझ्या भाच्याने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन नावाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. ती लिनक्सच्या कुळातली आणि फुकट मिळणारी. त्यात मराठी शब्दांसाठी एक प्रोग्राम घातला. त्या प्रोग्रामच्या फोल्डरात मी भाच्याकडून माझी स्वतःची एक शब्दांची यादी ठेवून घेतली. आजीच्या तोंडचे, आता कुणी न वापरणारे असे ते शब्द. पुढे तो प्रोग्राम नकोसा झाला, म्हणून भाच्याने तो काढून टाकला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा की ही डिरेक्टरी रिकामी नाही, म्हणून काढलेली नाही.

मी म्हटले, "अरे, काढ म्हटल्यावर काढत का नाही हा?" भाचा म्हणाला, "मामू, तुमची यादी आहे ना आत. ती त्याची नाही. म्हणून तो तिला हात लावत नाही, आणि ती आत आहे म्हणून जागाही पाडत नाही."

मी थक्क झालो. आपल्याकडे घर रिकामे करून घेताना एवढा विचार कोण करतो? हे शहाणपण यंत्राला कुणी शिकवले, केव्हा शिकवले, याचा मी शोध घेऊ लागलो. त्यातून जे हाती लागले, ते आज सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ. ज्याला आपण फोल्डर म्हणतो, त्याला जुनी मंडळी डिरेक्टरी म्हणतात. डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. टेलिफोन डिरेक्टरीत माणसे राहत नाहीत, त्यांची नावे आणि नंबर असतात. कॉम्प्युटरच्या डिरेक्टरीतही फाईल प्रत्यक्षात नसते. फाईलचे नाव आणि ती डिस्कवर कुठे सापडेल त्याचा क्रमांक, एवढेच असते. एका डिरेक्टरीत दुसरी, दुसरीत तिसरी, अशी झाडासारखी रचना अमेरिकेतल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आखली गेली. १९६५ साली डेली आणि न्यूमन या दोघांनी त्यावर निबंध लिहिला. मल्टिक्सच्या कामात बेल लॅबोरेटरीज ही संस्थाही होती. १९६९ मध्ये ती त्यातून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्पसन यांनी एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर स्वतःची लहानशी सिस्टीम उभी केली. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. हीच पुढे युनिक्स म्हणून ओळखली गेली.

युनिक्समध्ये प्रत्येक फाईलला मालक असतो आणि प्रत्येक डिरेक्टरीलाही मालक असतो. पण यात एक गंमत आहे. फाईल पुसायची परवानगी फाईलच्या मालकीवरून ठरत नाही, ती डिरेक्टरीवरून ठरते. कारण पुसणे म्हणजे यादीतून नाव खोडणे, आणि यादी ज्याच्या हाती त्याच्या हाती खोडणे. म्हणजे वस्तू तुमची असली तरी ज्या जागेत ती आहे त्या जागेचा हक्क ज्याच्याकडे, तो ती बाहेर काढू शकतो. ज्यांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या जागेत यामुळे पंचाईत झाली. युनिक्समध्ये 'टेम्प' नावाची एक डिरेक्टरी असते. कुणीही यावे, तात्पुरते काही ठेवावे. पण कुणीही ठेवू शकतो म्हणजे कुणीही दुसऱ्याचे पुसूही शकतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८६ साली यावर तोड निघाली. डिरेक्टरीवर एक खूण करायची. ती खूण असली की जागा सगळ्यांची राहते, पण ज्याची वस्तू त्यानेच ती उचलायची. फार तर डिरेक्टरीच्या मालकाने किंवा सिस्टीमच्या मुख्य चालकाने. आजही लिनक्सच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर 'टेम्प'ला ती खूण असते.

हे झाले माणसांच्या मालकीचे. आता प्रोग्रामच्या मालकीकडे येऊ, कारण माझ्या भाच्याने सांगितलेली गोष्ट तिथली आहे.

एखादा प्रोग्राम कॉम्प्युटरवर येतो तेव्हा तो एकटा येत नाही. लग्नाच्या वऱ्हाडासारखा बाडबिस्तरा घेऊन येतो. चालणारी फाईल एकीकडे, चित्रे दुसरीकडे, मदतीचा मजकूर तिसरीकडे, सेटिंग चौथीकडे. शिवाय सगळ्यांना लागणारी काही सामाईक भांडीकुंडी असतात. वऱ्हाड उतरते तेव्हा कुणाचे लक्ष नसते. ते परत जाताना मात्र भांडण होते. कोणते भांडे त्यांचे, कोणते आपले?

घरोघरी पोचलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे भांडण पुष्कळ वर्षे चालले. मायक्रोसॉफ्टची डॉस १९८१ साली आली तेव्हा तिच्यात डिरेक्टऱ्यांची उतरंड नव्हतीच. सगळ्या फाईली एकाच ढिगात. १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली. पुढे विंडोजमध्ये 'डीएलएल' नावाच्या सामाईक फाईली एकाच सिस्टीम डिरेक्टरीत ठेवल्या जाऊ लागल्या. नवा प्रोग्राम आला की तो बिनदिक्कत आपल्याकडची जुनी प्रत तिथल्या नव्या प्रतीवर ठेवून देई, आणि दुसराच कुठला तरी प्रोग्राम बंद पडे. याला जाणकारांनी 'डीएलएल हेल', म्हणजे डीएलएलचा नरक असे नावच ठेवले. विंडोज ९५ किंवा ९८ वापरलेल्यांना आठवत असेल, प्रोग्राम काढताना तो आपल्यालाच विचारायचा की ही सामाईक फाईल आता कुणी वापरत नसावी, पुसून टाकू का? आपण काय सांगणार? एकदा 'हो' म्हणून पस्तावलेला माणूस पुढे जन्मभर 'नाही' म्हणतो, आणि कचरा साचत जातो. २००० साली आलेल्या विंडोज २०००मध्ये सिस्टीमच्या मुख्य फाईलींवर पहारा बसवला गेला. कुणी त्या बदलल्या की सिस्टीम मूळ प्रत परत ठेवू लागली. पण नरक तयार होण्याचे कारण एकच होते. जागा एक, येणारे अनेक, आणि कोण काय घेऊन आले याची सगळ्यांसाठी मिळून एक वही नव्हती.

ही वही लिनक्सच्या लोकांनी घातली. ती का घालावी लागली, हेही पाहण्यासारखे आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. पण गाभा म्हणजे पूर्ण सिस्टीम नव्हे. बाकीचे प्रोग्राम जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेले. विंडोजमागे निदान एक कंपनी होती, इथे तर घरमालकच नव्हता. ज्या वाड्याला मालक नाही, त्याला नियम लागतात.

गाभा आणि प्रोग्राम यांची मोट बांधून देणाऱ्या संचांना 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणतात. १९९२ साली एसएलएस नावाचा संच आला. तो लोकप्रिय झाला, पण त्यात चुका फार होत्या. त्याला वैतागून १९९३ साली दोघांनी दोन वाटा काढल्या. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी स्लॅकवेअर काढले. आणि पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. डेब्रा हे त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे नाव. डेब्रा आणि इयान मिळून डेबियन. कवी म्हणून मला हे आवडले, हे लपवत नाही.

डेबियनने प्रत्येक प्रोग्राम एका गाठोड्यात बांधला. त्याला पॅकेज म्हणतात. गाठोड्यात काय काय आहे याची यादी आधीच तयार असते. गाठोडी उघडणारा आणि बांधणारा प्रोग्राम म्हणजे डीपीकेजी. त्याची पहिली रूपे साधी होती. १९९४च्या सुमारास इयान जॅक्सन यांनी तो नव्याने लिहिला आणि तोच वंश आजवर चालू आहे. १९९५ साली रेड हॅट या कंपनीसाठी मार्क युईंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम लिहिला. लिनक्सच्या जगातल्या वहीखात्यांची ही दोन मोठी घराणी.

ही वही आपल्या सातबाऱ्यासारखी आहे. कोणती फाईल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे, हे तिच्यात लिहिलेले. डेबियनचा नियम कडक आहे. एक फाईल, एक मालक. दुसऱ्या पॅकेजने त्याच नावाची फाईल त्याच जागी ठेवायचा प्रयत्न केला तर डीपीकेजी त्याला दारातच अडवतो. सांगतो की ही फाईल अमक्याच्या नावावर आहे, तुला मिळणार नाही. हक्क खरोखरच बदलायचा असेल तर नव्या पॅकेजने तसे आधी कागदावर जाहीर केलेले असावे लागते. म्हणजे फेरफार नोंदवल्याशिवाय ताबा नाही.

फाईलचे असे ठरले. पण डिरेक्टरीचे काय करायचे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा, चित्रे ठेवायची एक डिरेक्टरी आहे आणि तिच्यात दहा पॅकेजे आपापली चित्रे ठेवतात. तिचा मालक कोण? पहिले आलेले पॅकेज म्हणावे, तर ते निघून गेल्यावर बाकीच्या नऊ जणांनी जायचे कुठे? कुणीच मालक नाही म्हणावे, तर दहाही जण गेल्यावर मोकळी पडलेली जागा झाडायची कुणी?

डेबियनने उत्तर दिले की जो जो वापरतो तो तो मालक. प्रत्येक पॅकेजच्या यादीत त्याच्या फाईलींबरोबर त्या फाईलींपर्यंत नेणाऱ्या सगळ्या डिरेक्टऱ्याही लिहिलेल्या असतात, अगदी मुळापासून. सगळ्या झाडाचे मूळ जी डिरेक्टरी, तिची नोंद यादीच्या पहिल्याच ओळीत सापडते, मग पॅकेज कितीही लहान असो. पॅकेज जाताना आपल्या फाईली घेऊन जाते. डिरेक्टरीपाशी आले की दोन गोष्टी पाहिल्या जातात. दुसऱ्या कुणाच्या यादीत ही जागा आहे का? आत कुणाची वस्तू आहे का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तरच ती काढली जाते. म्हणजे शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवायचा. मात्र आत कुणी बसलेले असेल तर मालवायचा नाही. माझी शब्दांची यादी वाचली ती या दुसऱ्या अटीमुळे. वहीत तिची नोंद नव्हती, ती कुठल्याच पॅकेजची नव्हती. पण ती आत होती, एवढे पुरेसे ठरले.

आरपीएमच्या घराण्यात, विशेषतः फेडोरा या संचात, याच प्रश्नावर जरा वेगळी शिस्त आहे. तिथेही अनेक पॅकेजे एका डिरेक्टरीवर नाव लावू शकतात. पण शक्यतो एकाच्याच नावावर असावी आणि बाकीच्यांनी त्याच्या आधाराने राहावे, असा संकेत आहे. नियम असा की पॅकेजने जी डिरेक्टरी निर्माण केली ती आपल्या नावावर लावलीच पाहिजे. जिच्या आधारावर तुम्ही उभे आहात अशा दुसऱ्या पॅकेजची ती असेल, तर मात्र तुम्ही लावू नये. आणि जिथे कुणीच कुणाच्या आधाराने राहत नाही, सगळे सारखेच भाडेकरू आहेत, तिथे सगळ्यांनी नाव लावावे. मुळातल्या मोठ्या डिरेक्टऱ्यांसाठी 'फाईलसिस्टीम' नावाचे एक स्वतंत्र पॅकेज आहे. त्याचे मुख्य काम जागांची मालकी सांभाळणे. हे पॅकेज म्हणजे या गावातली ग्रामपंचायतच.

हा नियम करावा लागला, कारण बेवारस डिरेक्टऱ्या पडू लागल्या होत्या. पॅकेज बांधणारा माणूस फाईली आठवणीने लिहायचा आणि डिरेक्टरी लिहायला विसरायचा. फाईली ठेवताना जागा आपोआप तयार व्हायची, पण नोंद कुणाच्याच नावावर नाही. मग पॅकेज गेले तरी रिकामी डिरेक्टरी तशीच पडून राहायची. दुसरी अडचण अशी की त्या जागेत कुणाला प्रवेश आहे, कुणाला नाही, हेही त्याच नोंदीत असते. नोंदच नाही तर प्रवेशाचा नियमही लिहिलेला नाही. रिकामी डिरेक्टरी जागा म्हणावी तर खात नाही. पण वर्षानुवर्षे अशा जागा साचल्या की पाहणाऱ्याला कळत नाही, हे कुणाचे आहे, काढले तर काय पडेल? या भीतीने कुणीच काही काढत नाही.

घरोघरी नियम वेगळे झाले तर पाहुण्याची पंचाईत होते. म्हणून कोणती वस्तू कुठल्या डिरेक्टरीत ठेवायची याचा एक सामाईक आराखडा १४ फेब्रुवारी १९९४ रोजी प्रसिद्ध झाला. पुढे त्यालाच फाईलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड असे नाव मिळाले, आणि २०१५ साली त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. त्यातली एक गोष्ट मला फार भावली. 'यूएसआर' या मोठ्या डिरेक्टरीच्या आत 'लोकल' नावाची एक जागा राखून ठेवली आहे. ही जागा ज्याचा कॉम्प्युटर त्याची. सिस्टीमच्या पॅकेजांनी तिथे काही ठेवायचे नाही. डेबियनच्या नियमांत लिहिले आहे की पॅकेजने तिथे फार तर रिकामी डिरेक्टरी करून द्यावी, आणि जाताना ती रिकामी असेल तरच काढावी. रिकामी नसेल तर गुपचूप निघून जावे.

आता तुम्ही म्हणाल, वही आली, नियम आले, मग सगळे सुरळीत झाले असेल. तसे झाले नाही. वहीतली नोंद आणि प्रत्यक्ष जमीन यांत फरक पडला की काय होते, याची एक मोठी कहाणी गेल्या काही वर्षांत घडली. तिचे मूळ पन्नास वर्षांपूर्वीच्या युनिक्समध्ये आहे.

तेव्हा प्रोग्राम 'बिन' नावाच्या डिरेक्टरीत ठेवत आणि लोकांची घरे, म्हणजे प्रत्येकाच्या खासगी डिरेक्टऱ्या, 'यूएसआर'मध्ये. यूएसआर म्हणजे 'यूजर'च. यंत्राला तेव्हा दोन डिस्क होत्या. एकीवर सिस्टीम, दुसरीवर लोकांची घरे. डिस्क एवढ्या लहान की आजच्या मोबाईलमधला एखादा फोटोही पहिलीवर नीट मावला नसता. ती पहिली डिस्क भरली. मग उरलेले प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, लोकांच्या घरांशेजारी नेऊन ठेवले आणि त्यासाठी तिथेही एक 'बिन' केली. अशा दोन 'बिन' झाल्या. पुढे लोकांची घरे तिथून हलली, डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या, पण दोन 'बिन' तशाच राहिल्या. कोणता प्रोग्राम पहिलीत ठेवायचा आणि कोणता दुसरीत, याची कारणे नंतरच्या लोकांनी शोधून काढली. अडचणीपोटी केलेली सोय पुढच्या पिढीला रीत वाटते, हे आपण घरीदारी पाहतोच.

२०१२ साली फेडोराच्या सतराव्या आवृत्तीने दोन्ही 'बिन' एक केल्या. सगळे प्रोग्राम 'यूएसआर'मधल्या 'बिन'मध्ये आणले आणि जुन्या 'बिन'च्या जागी नुसती एक पाटी लावली, की आत या, पण पोचाल तिकडे. अशा पाटीला सिंबॉलिक लिंक म्हणतात. डेबियननेही हा मार्ग धरला. २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्याने सिस्टीम टाकताना दोन्ही 'बिन' एकच होऊ लागल्या.

पण एक गोष्ट राहून गेली. जमिनीवर दोन प्लॉट एक झाले आणि वहीत ते दोनच राहिले. डीपीकेजीच्या दृष्टीने जुनी 'बिन' आणि नवी 'बिन' या दोन वेगळ्या जागा होत्या. पाटी लावली तेव्हा त्याला कुणी विचारले नव्हते. त्यामुळे काय होऊ शकते पाहा. एक फाईल पूर्वी पहिल्या पॅकेजच्या नावावर जुन्या 'बिन'मध्ये होती. नव्या रचनेत ती दुसऱ्या पॅकेजकडे गेली आणि तिचा पत्ता लागला नव्या 'बिन'चा. डीपीकेजी आधी दुसऱ्या पॅकेजची फाईल नव्या जागी ठेवतो. मग पहिल्या पॅकेजची वही उघडतो. त्याला दिसते की जुन्या 'बिन'मधली त्याची फाईल आता लागत नाही. तो ती पुसायला जातो. पाटीवरून चालत जातो आणि आत्ताच ठेवलेली नवी फाईल पुसून येतो. वहीप्रमाणे त्याचे सगळे बरोबर आहे. एक जुनी वस्तू काढली, एक नवी ठेवली. जमिनीवर मात्र काहीच उरलेले नाही.

डीपीकेजी सांभाळणाऱ्यांनी या पद्धतीला कडाडून विरोध केला होता. त्यांचे म्हणणे, वहीला न सांगता जमीन बदलू नका. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जमीन तर केव्हाच बदलली, आता वही कुठवर थांबायची? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणून तर वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी २०२१ साली डेबियनच्या तांत्रिक समितीने सांगितले की यापुढची डेबियन एकाच 'बिन'ची असेल, पण तोवर फाईलींची एका जागेहून दुसऱ्या जागी हलवाहलव करू नका. जून २०२३ मध्ये बारावी आवृत्ती निघाली. त्यानंतर बंदी उठवत उठवत, एकेका पॅकेजची यादी तपासत, जुने पत्ते नवे करण्यात आले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी तेरावी आवृत्ती आली. तिच्यात ६९ हजारांहून जास्त पॅकेजे आहेत. आता वही आणि जमीन जुळली आहे, आणि ती पाटीही 'बेस-फाईल्स' नावाच्या मूळ पॅकेजच्या नावावर रीतसर नोंदलेली आहे. दोन 'बिन' व्हायला एक भरलेली डिस्क पुरली होती. त्या एक करायला डेबियनच्या लोकांना इतकी वर्षे लागली. मोडतोड सोपी असते. कुणाचेही काही न हरवता मोडायचे, तर वेळ लागतो.

या कटकटीतून सुटायचा आणखी एक मार्ग आहे. सामाईक जागाच ठेवायची नाही. प्रत्येकाला स्वतंत्र बंगला, कुंपण घालून. २००३ साली नेदरलँड्समध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी निक्स नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात प्रत्येक पॅकेजला, एवढेच नव्हे तर पॅकेजच्या प्रत्येक आवृत्तीला, वेगळी डिरेक्टरी मिळते. कुणाचा कुणाला धक्का नाही. तुमच्या हातातला मोबाईलही काहीसा याच वळणाचा आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची बंद खोली असते. अ‍ॅप काढले की खोली सामानासकट जाते. प्रश्नच मिटला. पण त्या खोलीत तुम्ही मोठ्या मेहनतीने काही लिहून ठेवले असेल, तर तेही जाते. फोटो मात्र बहुधा राहतात, कारण ते सामाईक जागेत असतात. तेव्हा ज्याला आपण कटकट म्हणतो, त्या सामाईक जागेनेच आपल्या आठवणी राखलेल्या असतात.

शेवटी एका डिरेक्टरीविषयी सांगतो आणि थांबतो. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर 'लोकेल' नावाच्या डिरेक्टरीत जगातल्या भाषांची एकेक डिरेक्टरी असते. तिला त्या भाषेचे दोन-तीन अक्षरी इंग्रजी नाव. आपल्या मराठीचे नाव 'एमआर'. ज्या ज्या प्रोग्रामचे मराठी भाषांतर कुणी केले आहे, त्या प्रत्येकाची मराठी वाक्ये एकेका फाईलमध्ये बांधून या 'एमआर'मध्ये ठेवलेली असतात. फाईली दाखवणाऱ्या प्रोग्रामची मराठी तिथे, मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामची मराठी तिथे. भाच्याने मला ती उघडून दाखवली. मी विचारले, "ही कुणाच्या मालकीची रे?" त्याने डेबियनच्या वहीला विचारले. उत्तरादाखल पडद्यावर पॅकेजांच्या नावांची भलीमोठी यादी आली. फेडोरात विचारले असते तर 'फाईलसिस्टीम' हे एकच नाव आले असते, त्या ग्रामपंचायतीचे. दोन्हींचा अर्थ एकच. ज्याने मराठीत चार वाक्ये आणली, त्याला तिथे जागा आहे.

माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि मी लिहितो मराठीत. 'ही भाषा तुमची कशी?' हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळदा विचारला गेला. कधी कौतुकाने, कधी संशयाने. दरवेळी मी काहीतरी उत्तर देत आलो, आणि दरवेळी घरी परतताना ते अपुरे वाटले. त्या दिवशी पडद्यावरची ती लांबलचक यादी पाहताना वाटले की प्रश्नच चुकीच्या वहीतला आहे. कविता माझी आहे, तिच्यावर माझे नाव आहे. तिच्यातल्या चुकाही माझ्याच. पण ती ज्या जागेत ठेवली आहे, ती जागा माझ्या आधी आलेल्यांची आहे आणि माझ्या नंतर येणाऱ्यांचीही. तिथे मी वस्तू ठेवली आहे, एवढाच माझा हक्क. आणि तेवढा तो आहेच.

तो जुना कॉम्प्युटर अजून माझ्या टेबलावर आहे. ज्या प्रोग्रामसाठी ती डिरेक्टरी झाली होती, तो केव्हाच गेला. भाचा मधे एकदा म्हणाला, "मामू, यादी दुसरीकडे हलवू का? म्हणजे ती जागा काढून टाकता येईल." मी म्हटले, "राहू दे. आजीचे शब्द आहेत."